जुना गार्डन ट्रॅक्टर: आधी चालू करा, मग चालवा, रंग सगळ्यात शेवटी

अमेरिकेत पाऊण-एक एकराचं घर घेतलं की पहिल्याच मे महिन्यात गवत घोट्याच्या वर जातं आणि माणूस मुकाट्याने दुकानातून नवा कोरा राइडिंग मोअर घेऊन येतो. काहींची नजर मात्र शेजारच्या आजोबांच्या शेडकडे जाते. तिथे ताडपत्रीखाली एक बुटका, जाडजूड, पन्नास-साठ वर्षांचा ट्रॅक्टर धूळ खात पडलेला असतो. हा लेख अशांसाठी आहे. तुम्ही कधीकाळी बजाजची स्कूटर तिरकी करून किक मारली असेल, प्लग काढून पॉलिश पेपरने घासला असेल, तर तेवढं भांडवल पुरेसं आहे. बाकीचं हात काळे करत शिकता येतं.

हा छंद बहुतेकांचा मोडतो तो एकाच ठिकाणी. ट्रॅक्टर घरी आला की उत्साहाच्या भरात पहिल्याच शनिवारी पार नटबोल्टापर्यंत खोलून टाकतात. महिन्याभराने कुठला बोल्ट कुठला ते आठवत नाही, थंडी सुरू होते, आणि पुढच्या वर्षी 'पार्ट्ससाठी विकणे आहे' अशी जाहिरात दिसते. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी इंजिन चालू करायचं, मग ट्रॅक्टर चालवून बघायचा, त्यातून जे खराब निघेल तेवढंच खोलायचं. रंगाचा डबा तोवर घरात आणायचासुद्धा नाही.

कोणता घ्यावा

गार्डन ट्रॅक्टर आणि आजचा साधा लॉन ट्रॅक्टर लांबून सारखेच दिसतात. जुन्या गार्डन ट्रॅक्टरची चासी जाड पोलादाची, पुढचा अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचं कवच बहुधा ओतीव लोखंडाचं, मागची चाकं १२ इंची रिमची. गवत कापणं हे त्याचं एक काम झालं. तो एकफाळी नांगर ओढतो, बर्फ ढकलतो, ट्रॉली ओढतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेच्या उपनगरांत लोकांनी हे हजारोंनी घेतले, म्हणूनच आज ते सापडतात आणि त्यांचे सुटे भागही मिळतात.

पहिल्या ट्रॅक्टरसाठी मी तीनच नावं सांगेन. व्हील हॉर्स, कब कॅडेट आणि जॉन डिअर.

व्हील हॉर्स इंडियानातल्या साउथ बेंडचा, पाँड बापलेकांच्या कारखान्यातला. कारखान्याची सुरुवात १९४६ ची, १९८६ मध्ये तो टोरो कंपनीकडे गेला. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत एक पट्टा, मागे तीन किंवा आठ गिअरचा ओतीव डबा, बास. यात लपवाछपवी काही नाही. नवशिक्याला माझी पहिली पसंती हीच.

कब कॅडेट इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. आपल्या गावाकडच्या माणसाला हे नाव परकं नाही. महिंद्राचा बी-२७५ याच कंपनीच्या सहकार्याने आला. पिवळा-पांढरा कब कॅडेट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यातून निघू लागला. अगदी सुरुवातीचं मॉडेल सोडलं तर याला चालवायला पट्टा नाही, मोठ्या ट्रॅक्टरसारखा क्लच आणि शाफ्ट आहे. मजबूत आहे, पण क्लचचं काम निघालं तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो. १९८१ मध्ये हा ब्रँड एमटीडी कंपनीला विकला गेला. त्याआधीचे बघा.

जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा, विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनचा. हिरवा रंग आणि नाव यांमुळे भाव चढा असतो. १९६९ ते १९७१ दरम्यान कंपनीने काही मॉडेलं पांढऱ्या अंगावर लाल, केशरी, पिवळं, निळं बॉनेट आणि त्याच रंगाची सीट घालून काढली होती. गिऱ्हाइकांनी तेव्हा फारशी विचारली नाहीत. आज त्यांच्यावर संग्राहक तुटून पडतात. पहिला ट्रॅक्टर म्हणून त्यांच्या नादी लागू नका.

या तिघांतही बहुतेक वेळा इंजिन एकच सापडेल. कोहलरचं के-सिरीज, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, ओतीव लोखंडी ब्लॉकचं. बाथरूमच्या नळांवर जे नाव वाचता तीच ही कंपनी. के१८१ म्हणजे ८ हॉर्सपॉवर, के२४१ म्हणजे १०, के३०१ म्हणजे १२, के३२१ म्हणजे १४ आणि के३४१ म्हणजे १६. नंबर इंजिनाच्या पत्र्याच्या आवरणावरच्या पट्टीवर असतो. हे इंजिन शिकलात की निम्मा छंद हातात आला.

बघायला जाल तेव्हा

मालक गोष्टी सांगत असेल तर ऐका, पण हात फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाच्या, जाळीवर ठेवा. हाताने इंजिन फिरतंय का? फिरत असेल आणि एका जागी हवेचा जोर लागत असेल तर उत्तम. जाम असेल तरी लगेच निघू नका, भाव अर्धा करून मागा. मग वाकून ब्लॉकच्या दोन्ही बाजू आणि खालची बाजू टॉर्चने बघा. कुठे वेल्डिंगचा किंवा एपॉक्सीचा ठिगळ दिसला तर कधीतरी कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आला होता असं समजायचं. अशा इंजिनाचा ट्रॅक्टर पहिला ट्रॅक्टर म्हणून घेऊ नये. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

मागचं चाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. व्हील हॉर्सचा हब अ‍ॅक्सलवर अर्धगोल की आणि सेटस्क्रूवर बसतो. हब तिथे डुगडुगत असेल आणि तसाच वर्षानुवर्षं चालवला असेल तर कीची खाच खाल्ली गेलेली असते, हब आणि अ‍ॅक्सल दोन्ही बाद. पुढच्या चाकांत आणि स्टिअरिंगमध्ये थोडा प्ले असणारच, त्याने घाबरू नका.

नवीन माणूस इंजिनाला घाबरतो आणि पत्र्याकडे बघत नाही. व्हायला हवं उलटं. पिस्टन, रिंगा, पॉइंट, कार्बोरेटरचे किट, बेअरिंग हे सगळं आजही सहज मिळतं. न मिळणारी वस्तू म्हणजे बॉनेट, पुढची जाळी, हेडलाइटची चौकट, डॅशबोर्ड. फुटकी जाळी शोधताना दोन-दोन वर्षं जातात आणि मिळते तेव्हा ट्रॅक्टरच्या निम्म्या किमतीला.

आणखी एक गोष्ट आवर्जून करायची: शेडच्या कोपऱ्यात नजर टाका. नांगर, बर्फाचं पातं, चाकांची वजनं, कसलेसे ब्रॅकेट, सगळं 'हे याच्याबरोबरचं का?' म्हणून विचारा आणि उचलून आणा. नंतर एकेक ब्रॅकेट शोधणं फार महागात पडतं.

चालू नसलेला ट्रॅक्टर काहीशे डॉलरमध्ये मिळायला हवा. गवत कापायच्या पात्यांच्या डेकसकट वजन सहाशे ते नऊशे पौंडांत जातं, त्यामुळे रॅम्पवाला ट्रेलर भाड्याने घ्या. चढवताना मित्राला मागे उभं करू नका. घसरला तर तो थेट अंगावर येतो.

हत्यारं

भारतातून आणलेला दहा-अकरा, बारा-तेराचा पान्यांचा संच इथे पेटीतच राहू द्या. या ट्रॅक्टरांचे नटबोल्ट इंचांतले. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करतो. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या बोल्टचं डोकं एकदा गोल झालं की पुढचं अख्खं दुपार त्याच बोल्टबरोबर. इंचाचा सॉकेट सेट, बारीक फट मोजायचं फिलर गेज, टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, टॉर्क रेंच, दोन जॅक स्टँड आणि गंज सोडवणारं चांगलं तेल, इतकं घेतलंत की सुरुवात होते. तेल आदल्या रात्री मारून ठेवायचं, पाना सकाळी लावायचा. काही खोलण्याआधी फोनने फोटो, आणि प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव.

मॅन्युअल पहिल्या दिवशीच मिळवा. कोहलरच्या के-सिरीजचं सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर सापडतं. ट्रॅक्टरच्या मॉडेल नंबरवरून पार्ट लिस्टही मिळतात. पुढे मी जे आकडे देतोय ते के-सिरीजचे. तुमच्या नंबरच्या इंजिनाशी ताडून बघा.

पहिली सुरुवात

प्लगची वायर काढून बाजूला करा आणि इंजिनावरचं पत्र्याचं आवरण उतरवा. आत उंदराचं घरटं असणार. गवत, कापूस, सीटचा फोम, अक्रोडाची टरफलं. हे इंजिन पंख्यांसारख्या पातळ फिन्समधून वाहणाऱ्या हवेवरच थंड होतं. त्या फिन्समध्ये घरटं असताना इंजिन चालवलं तर दहा-पंधरा मिनिटांत त्याचं भाजून भरीत होतं. घरटं काढताना मास्क आणि हातमोजे घाला आणि आधी जंतुनाशक पाण्याने ते भिजवा. सुकी उंदराची घाण झाडू नये.

जुनं तेल सोडून एसएई ३० भरा. या इंजिनात तेलाचा पंप नाही, फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक छोटी पळी असते, ती प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडून ते उडवते, तेवढ्यावरच सगळं चालतं. पातळी कमी झाली की पळी कोरडी फिरते आणि रॉड जातो. म्हणून डिपस्टिक प्रत्येक वेळी बघायची.

प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे तेल सोडा, थोडं थांबा आणि हाताने फिरवा. जाम असेल तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि अ‍ॅसिटोन सम प्रमाणात मिसळून सोडा आणि आठवडाभर विसरून जा. रोज फ्लायव्हील पुढे-मागे थोडं हलवून बघायचं. बॅटरी लावून स्टार्टरने जोर द्यायचा नाही. तरीही हललं नाही तर हेड खोला. व्हॉल्व ब्लॉकमध्येच आहेत, त्यामुळे हेड म्हणजे बोल्टांनी बसवलेलं एक झाकण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बऱ्याचदा पिस्टन मोकळा असतो आणि एक व्हॉल्व गंजून जागीच अडकलेला असतो. हेड परत बसवताना गॅस्केट नवं घ्यायचं आणि बोल्ट टॉर्क रेंचने, क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. के१८१ ला १५ ते २० फूट-पौंड, के२४१ पासून वर २५ ते ३०.

आता स्पार्क. वर्षानुवर्षं पडून असलेला कोहलर चालू होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. याचे पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, फ्लायव्हीलखाली दडलेले नाहीत. ब्लॉकच्या बाजूला एका छोट्या पत्र्याच्या झाकणाखाली असतात, त्यामुळे काम स्टूलावर बसून करता येतं. झाकण काढा. दोन छोट्या टिकल्या समोरासमोर दिसतील आणि त्यांवर करडा थर. ओलसर शेडमध्ये पडून तो चढतो आणि वीज अडवतो. बारीक कानस किंवा बारीक पॉलिश पेपर एकदा-दोनदा फिरवा, मग स्वच्छ कागदाची पट्टी टिकल्यांमध्ये घालून ओढा. ती काळी निघेल. पांढरी निघेपर्यंत ओढत राहा. टिकल्यांना खड्डे पडले असतील तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला, स्वस्त असतात.

मग इंजिन हाताने फिरवत पॉइंट जिथे सर्वांत जास्त उघडतात तिथे आणा आणि फिलर गेजने गॅप ०.०२० इंच ठेवा. बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका, टायमिंग तपासा. फ्लायव्हीलवर 'एस' आणि 'टी' अशा दोन खुणा असतात, आणि एका छोट्या भोकातून त्या दिसतात. टी म्हणजे पिस्टन वर, एस म्हणजे स्पार्कची जागा. टेस्ट लॅम्पची एक बाजू कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी चासीला लावा आणि चावी ऑन करा. पॉइंट मिटलेले असताना दिवा बंद, उघडले की लागतो. आता फ्लायव्हील त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवा. दिवा लागण्याचा क्षण आणि एस भोकाच्या मध्यावर येण्याचा क्षण एकच असला पाहिजे. दिवा उशिरा लागत असेल तर गॅप किंचित वाढवा, लवकर लागत असेल तर कमी करा. हे जमलं की जुनं इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात पकडतं.

पेट्रोलची टाकी आत्ता वापरूच नका. आत वार्निशसारखा चिकट थर आणि गंज असतो, तो सगळा कार्बोरेटरमध्ये येईल. छोट्या मोअरची टाकी उंचावर टांगून तिची नळी जोडा. कार्बोरेटर खोलून साफ करा, रबरी नळ्या सगळ्या नव्या. कार्बोरेटरच्या सुया पूर्ण मिटवताना बोटांनी टेकेपर्यंतच फिरवा. आवळलीत तर सुईच्या टोकावर कडं पडतं आणि मग ती कधीच नीट अ‍ॅडजस्ट होत नाही. टेकल्यावर मुख्य सुई दोन फेरे उघडा, चालू झाल्यावर आवाज ऐकत पुढचं जमवा.

ट्रॅक्टर बाहेर काढा, गिअर न्यूट्रलला आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी. स्टार्टिंग फ्लुइडचा फवारा मारायचा मोह होईल, टाळा. कार्बोरेटरच्या घशात चमचाभर पेट्रोल पुरतं. चालू झाला की सिलिंडरमधलं तेल जळून पांढरा-निळा धूर निघेल, शेजारी खिडकीतून बघतील. तो काही मिनिटांत निवळायला हवा. पहिल्यांदा अर्धा-एक मिनिटच चालवा आणि कान द्या. टक-टक असा खोल ठोका येत असेल तर लगेच बंद करा, रॉड सैल आहे. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगला आणि दांड्यांना हात लावू नका. याची मर्यादा मिनिटाला ३६०० फेरे. गव्हर्नर बांधून जास्त पळवलेल्या कोहलरचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कॉम्प्रेशन गेज लावून कमी आकडा दिसला म्हणजे रिंगा गेल्या, असं या इंजिनांत म्हणता येत नाही. कॅमशाफ्टवर एक यंत्रणा असते, ती सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व किंचित उघडा ठेवते, म्हणजे स्टार्टरला हलकं जावं. गेजला म्हणून आकडा कमीच येणार. खरी परीक्षा लीक-डाउन टेस्टरची. हवा भरून ती एक्झॉस्टमधून फुसफुसते, कार्बोरेटरमधून की क्रँककेसमधून, यावरून दोष सापडतो.

चालायला लागल्यावर

गिअरबॉक्सचं तेल बदला, पण मॅन्युअल सांगेल तेच घाला. कब कॅडेटला हाय-ट्रान नावाचं तेल, व्हील हॉर्सच्या गिअरच्या डब्याला गिअर ऑइल. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर अंदाजपंचे काही ओतू नका. ब्रेक आधी नीट करा, मग घराच्या उतारावर न्या.

जुन्या मॉडेलांत स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो, बाजूला पट्ट्याने फिरणारा लांबट डबा. बॅटरी चार्ज होत नसेल तर डबा बदलण्याआधी त्याला पोलराइज करून बघा: इंजिन बंद असताना रेग्युलेटरच्या 'बॅट' आणि 'जेन' या टोकांना वायरचा तुकडा क्षणभर टेकवायचा, बारीक ठिणगी पडते, काम झालं. डेल्को कंपनीच्या युनिटला ही रीत चालते. बऱ्याच जणांचे डबे यावरच जागे होतात.

के२४१ पासून वरच्या काही इंजिनांत थरथर कमी करायला आत बॅलन्स गिअर असतात. इंजिन पूर्ण खोलण्याची वेळ आली तर अनुभवी लोक ते काढूनच टाकतात. तुटले तर ब्लॉक घेऊन जातात. थोडी जास्त थरथर परवडली.

गंज आणि रंग

लोखंडी भागांचा गंज काढायला घरगुती इलेक्ट्रोलिसिस भारी पडतं. प्लॅस्टिकच्या टपात पाणी, दर गॅलनला मोठा चमचाभर वॉशिंग सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजक्या भागाला आणि पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडी सळईला. सळई स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टप उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, खाल्ला जाईल.

रंगाबद्दल थोडक्यात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. ओला घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि मूळ रंग साठ टक्के टिकून असेल तर तो तसाच ठेवून मेण लावावं या मताचा मी आहे. चकचकीत ट्रॅक्टर गवतात न्यायला मग माणूस कचरतो.

रोजची निगा

तेल दर २५ तासांनी बदला. ग्रीसचे निपल आठ-दहा तासांनी. एअर फिल्टर आणि फिन्स प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नका. उतारावर आडवं चालवू नका, वर-खाली चालवा, आडव्या ट्रॅक्टरमध्ये तेल एका बाजूला जातं आणि पळीला मिळत नाही, शिवाय उलटण्याचा धोका वेगळाच. यांतल्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना सीटखाली सुरक्षेचा स्विच नसतो, म्हणजे माणूस खाली पडला तरी पातं फिरतंच राहतं. नातवंडांना मांडीवर घेऊन चक्कर मारायची हौस गावाकडून आलेल्या आजोबांना हमखास येते. डेक उतरवल्याशिवाय ती पुरवू नका, आणि खरं तर उतरवूनही नको.

अडलं तर ऑगस्टच्या शेवटी इंडियानातल्या पोर्टलंडचा जुन्या इंजिनांचा मेळा किंवा लेबर डेच्या सुमारास आयोवातल्या माउंट प्लेझंटचा ओल्ड थ्रेशर्स रीयुनियन गाठा. सुट्या भागांच्या ढिगांत दिवस कसा गेला कळत नाही. तिथे टोपीवाले सत्तरीचे काका भेटतात. त्यांना 'टायमिंग कसं लावता?' एवढं विचारा आणि खुर्ची ओढून बसा.

ऑक्टोबर संपताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. तेल तेव्हाच बदला, वसंतात नाही. जुन्या तेलातली आम्लं हिवाळाभर बेअरिंगला लागून राहू नयेत. प्लग काढून चमचाभर तेल आत सोडा, इंजिन एक-दोनदा फिरवा, प्लग परत लावा आणि हवेचा जोर लागेल त्या जागी थांबवा. तिथे दोन्ही व्हॉल्व मिटलेले असतात आणि दमट हवा आत शिरत नाही. बॅटरी काढून घरात न्या. सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूलचा बोळा कोंबा, उंदीर तो कुरतडत नाहीत. मग एक लाल फडकं स्टिअरिंगला बांधा आणि त्यावर मार्करने 'बोळा काढा' असं लिहा.